धूपाचं झाड कुणाचं

माझ्या आईचं आणि मोठ्या आईचं एका झाडावरून भांडण होतं. मोठी आई म्हणजे माझी थोरली चुलती. दोघी जावा शेजारी शेजारी राहतात. एकीचं विरजण दुसरीकडून येतं, एकीला ताप आला की दुसरी तिच्या चुलीवर भाकरी टाकून देते, आणि झाडाचा विषय निघाला की दोघी तोंडं फिरवून बसायच्या. मी शाळेत होते तेव्हापासून हे चालू होतं. पुढे मी वनस्पतिशास्त्र शिकले, पुण्यात एका प्रयोगशाळेत लागले, आणि नेमकं त्याच जातीच्या झाडाचं काम माझ्याकडे आलं. योगायोग, असं मी सगळ्यांना सांगते. खरं तर प्रकल्पासाठी दुर्मिळ झाड सुचवा म्हटल्यावर पहिला हात माझाच वर गेला होता.

झाड धूपाचं. धूप म्हटलं की पुष्कळांना पूजेच्या सामानाचं दुकान आठवतं. पण धूप हे एक सरळसोट वाढणारं उंच झाड आहे आणि त्याच्या खोडाला चीर पडली की काळपट राळ गळते. ती राळ निखाऱ्यावर टाकल्यावर जो वास सुटतो तो एकदा घेतला की दुकानातला धूप फुसका वाटतो. राळेच्या हावेपायी लोकांनी खोडांवर इतक्या खाचा मारल्या की झाडं उभ्या उभ्या वाळली. आता आमच्या डोंगरात कुठेतरी एखाददुसरं उरलं आहे, आणि जे आहे ते बहुतेक देवाच्या नावावर वाचलेलं. शिमग्याच्या आगेमागे त्याला लालभडक पालवी फुटते. कुठल्या डोंगरात धूप आहे ते तेवढे दिवस लांबूनही कळतं.

आमचं जुनं गाव वेल्ह्याकडच्या खोऱ्यात होतं. ते धरणात गेलं आणि आम्हाला भोरच्या खालच्या अंगाला सपाटीवर वसाहत मिळाली. घरं बुडाली, भाताची खाचरं बुडाली, पण गावाच्या वर, ओढ्यापलीकडे देवीची राई होती ती पाण्याच्या रेषेच्या वर राहिली. राईत एकच धूप होता, देवीच्या ठाण्याच्या मागे. राईचा नियम साधा होता. आतलं काहीही तोडायचं नाही आणि आतली काटकीसुद्धा बाहेर न्यायची नाही. हद्दीला दगड रोवलेले होते, त्या दगडांच्या आतलं सगळं देवीचं. लहानपणी करवंदं काढताना आम्ही पोरं आधी दगड कुठे आहे ते बघायचो आणि मग हात घालायचो.

हा नियम माझ्या आईने मोडला. गाव उठलं त्या दिवशी टेम्पोत सामान चढत असताना ती गुपचूप राईत गेली आणि धूपाखाली उगवलेलं एक वीतभर रोप मातीसकट उपटून घेऊन आली. जुन्या हिरव्या लुगड्याच्या फडक्यात मुळं बांधली आणि पदराखाली धरून टेम्पोत बसली. मी तिच्या मांडीला टेकून बसले होते, त्यामुळे मला दिसलं. ती मला म्हणाली, "देवीनं नियम केला तवा धरणाचं तिला कुनी सांगितलं न्हवतं." मला ते पटलं. अजूनही पटतं.

नव्या वसाहतीत देवीचं छोटं देऊळ बांधलं, त्याच्या अंगणात आईने ते रोप लावलं. भोवती दगडांचं कडं केलं, शेरडं खाऊ नयेत म्हणून काटे लावले आणि उन्हाळ्यात रोज घागर घेऊन ती तिकडे जायची. टँकर यायचा त्या दिवसांत घरी भांडी घासायला पाणी पुरवून वापरायचो, पण धूपाची घागर कधी चुकली नाही. वडील वैतागून म्हणायचे, या झाडाला रेशनकार्डावर घाला. झाड मात्र जगलं. सपाटीच्या कोरड्या हवेत रडतखडत का होईना, दोन पुरुष उंच झालं.

आणि पहिल्याच वर्षापासून मोठी आई एक वाक्य बोलायला लागली. "हे झाड तू आणलेलं न्हाई."

बस, एवढंच. चिडून नाही, टोमणा म्हणून नाही. आज एकादशी आहे असं सांगावं तशा सुरात. आई तडकायची. "म्या न्हाई आणलं तर काय आभाळातनं पडलं?" त्यावर मोठी आई आपल्या कामाला लागायची. घरातली देवीची पूजा मोठ्या आईकडे होती आणि दर चैत्रात जुन्या राईत जाऊन देवीला निवद दाखवणारी आमच्या वसाहतीतली ती शेवटची बाई. त्यामुळे तिचा शब्द गावात जड. लोक तिच्या वाक्याचा अर्थ लावत गेले आणि हळूहळू असं ठरून गेलं की आईचं रोप वाळलं असणार आणि आईने शरमेपायी भोरच्या बाजारातून दुसरं कुठलं तरी आणून लावलं असणार. मला मोठ्या आईचा मनापासून राग यायचा. माझ्या आईच्या एका गोष्टीचं कौतुक व्हायला हवं होतं आणि तेवढंही तिच्या जावेला बघवत नाही, असं मी धरून चालले होते.

तरी हे सगळं घरगुती धुसफुशीवर निभावलं असतं. पण मागच्या माघात देवळाला सभामंडप बांधायचं ठरलं. आंबवड्याच्या गवंड्याने दोरी धरून आखणी केली आणि झाड बरोबर मंडपाच्या मधोमध आलं. देवळाच्या मंडळाची बैठक अंगणातच, झाडाखाली बसली. अध्यक्ष म्हणजे गावातलेच एक वयस्कर गृहस्थ, माणूस सरळ. ते म्हणाले, "राईतलं झाड असंल तर देवीचं हाय, त्याला कुऱ्हाड लावायची कुनाची टाप न्हाई. मंडप वाकडा करू. पन राईतलं नसंल तर मग जागा मोकळी करावी लागंल." आणि सगळ्यांनी मोठ्या आईकडे पाहिलं.

मोठी आई म्हणाली, "हे हिनं आणलेलं न्हाई."

"मंग कुठलं हाय?"

"त्ये मला सांगता येत न्हाई."

झालं. दसऱ्याला मंडपाचं काम सुरू करायचं आणि त्याआधी झाड काढायचं, असं ठरलं. आईने मला मोबाईलवर फोन केला. माझी आई रडत नाही. गाव उठलं तेव्हा ती टेम्पोत ताठ बसली होती. त्या दिवशी फोनवर रडली. म्हणाली, "तू ती झाडं वाचतीस ना? माजं बी वाच. मशिनीत घाल आन सांग समद्यास्नी."

मशिनीत घालून निघालेला कागद दाखवला की गाव गप्प, असं ते सोपं नसतं हे मी तिला समजवायला शनिवारी घरी गेले. पानात हिरवे कण असतात, हरितलवक म्हणतात त्यांना, झाडाचं अन्न तेच शिजवतात. त्या कणांना स्वतःचा वेगळा डीएनए असतो, एका कड्यासारखा गोल. त्यात चारच अक्षरं, पण उलटसुलट क्रमाने दीड लाखाच्या वर लिहिलेली. ती ओळीने वाचायची, हे माझं काम. आई चहा गाळत ऐकत होती.

"आन त्यावरनं काय कळतं?"

"आई कळते. हे कडं झाडाला बहुतेक आईकडूनच मिळतं. आईला तिच्या आईकडून. बापाचा त्यात संबंध नसतो."

"बापाचा तसाबी कशात संबंद आसतो," आई म्हणाली. वडील समोरच बसले होते. त्यांनी पेपर वर धरला.

म्हणजे काम असं होतं: देवळाच्या अंगणातल्या झाडाचं कडं वाचायचं, राईतल्या जुन्या धूपाचं वाचायचं आणि दोन्ही अक्षराला अक्षर लावून बघायची. शिवाय इतर ठिकाणचे धूपही बघायचे, नाहीतर सगळीकडचे सारखेच निघाले तर जुळण्याला अर्थ काय? घाटाच्या तोंडाशी असलेल्या दोन-तीन राया माझ्या प्रकल्पात आधीच होत्या. आमच्या राईचं पान तेवढं माझ्याकडे नव्हतं.

अंगणातल्या झाडापासून सुरुवात केली. पान तोडायच्या आधी फांदी दोन-तीन दिवस अंधारात ठेवली तर पानातला साठलेला पिष्टाचा भाग झाडच वापरून टाकतं आणि डीएनए स्वच्छ निघतो. म्हणून मी जुन्या छत्रीच्या काळ्या कापडाची पिशवी शिवून एका फांदीला बांधली. दुसऱ्या दिवशी वसाहतभर झालं की पुण्याच्या पोरीने देवळातल्या झाडाची दृष्ट काढली. एका म्हातारीने तर पिशवीखाली लिंबू आणून ठेवलं. आईने खुलासा करायचं सोडून तिला हळदकुंकू दिलं. तिला त्या वेळी कुणाचीही मदत चालणार होती.

राईत जायचं म्हणजे डोंगर चढायचा, आणि आईचे गुडघे कामातून गेलेले. वाट माहीत असलेली दुसरी एकच बाई होती. मी तोंड वाकडं करून मोठ्या आईकडे गेले. मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. ती म्हणाली, "उद्या पहिल्या एसटीनं जाऊ. पान तोडायचं न्हाई मातर."

मी म्हटलं, माझ्याकडे वनखात्याची परवानगी आहे. कागद दाखवला. तिने तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि विचारलं, "देवीची सही कुठं हाय?"

शिमगा नुकताच झाला होता. भोरहून एसटी, मग नसरापूरला बदलून विंझर, विंझरला चहा, आणि पुढे दुधाच्या टेम्पोत बसून धरणाच्या कडेपर्यंत. पाणी बरंच उतरलं होतं. आमच्या गावाची खालची आळी उघडी पडली होती. भिंती नव्हत्याच, नुसती जोती दिसत होती, चिखल वाळून त्यांना भेगा गेलेल्या. मोठी आई त्यांतून सरळ चालत गेली, कुठल्याही जोत्यापाशी थांबली नाही. मी आमचं घर शोधत मागे राहिले तर म्हणाली, "चल, ऊन व्हतंय. त्येला काय बगायचं." राजगड समोर होता, लहानपणी होता तसाच.

राईत शिरताना तिने चपला दगडाबाहेर काढल्या, मीही काढल्या. आत गार होतं. धूप लाल झाला होता. इतक्या वर्षांनी मी त्याला पाहत होते आणि मधल्या काळात या जातीबद्दल छापलेलं जे मिळेल ते वाचून बसले होते, तरी मला पहिलं सुचलं ते एवढंच की याच्या बुंध्याआड आम्ही लपंडाव खेळायचो. खोडाला हात लावून मी बराच वेळ उभी राहिले. मला फार बरं वाटत होतं.

"आता बस," मोठी आई म्हणाली. "देवी दील ते घ्यायचं."

आम्ही बसलो. खाली पडलेली पानं पुष्कळ होती, पण सगळी तपकिरी, कुरकुरीत. अशा पानातला डीएनए तुकडे तुकडे झालेला असतो, मला ताजं पान हवं होतं. आणि ताजं पान झाडावरून आपण होऊन कशाला पडेल? मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "पडंल की." तिने पिशवीतली चादर काढून झाडाखाली अंथरली, जशी खळ्यावर अंथरतात, आणि चादरीच्या कडेला भाकरी सोडली. भाकरी, ठेचा आणि उकडलेली अंडी. देवीसमोर अंडी चालतात का, मी विचारलं. आमची देवी बोकड खाते, ती म्हणाली, अंड्याचं काय घेऊन बसलीस.

दुपार झाली. वाऱ्याची एक झुळूक नव्हती. माझा स्वभाव बसण्याचा नाही. मी उठत होते, फांद्या मोजत होते, एक खालची फांदी तर हाताला येत होती. मोठ्या आईचं माझ्याकडे लक्ष नाही असं बघून मी हात वर केला.

"आयसारकीच हायस," ती डोळे मिटूनच म्हणाली.

मी हात खाली घेतला आणि चिडून विचारलं, की माझ्या आईने असं काय केलं तुमचं? ती झाडासाठी रडते आहे. तुम्ही एक शब्द बोललात की झाड वाचतंय. मग का बोलत नाही?

तिने डोळे उघडले. "मला जे म्हाईत न्हाई ते देवीच्या नावानं कसं सांगू?" तिचा चेहरा मला त्या वेळी कठोर वाटला नाही, दमलेला वाटला. तरीही राग गेला नाही.

उन्हं कलल्यावर वानरं आली. त्यांना कोवळी पालवी फार आवडते. एक टोळी शेजारच्या झाडावरून धूपावर उतरली आणि लाल फांद्या ओरबाडायला लागली. चार पानं खायची, बाकीची फांदी फेकून द्यायची. आमच्या डोक्यावर, चादरीवर, चादरीबाहेर लाल डहाळ्या पडायला लागल्या. मी उड्या मारत गोळा करत सुटले. एक हुप्प्या माझ्यावर दात काढून खेकसला. मोठी आई पदर तोंडाला लावून हसत होती. तिला मी असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

"हे चालतंय का?" मी विचारलं.

तिने जरा विचार केला. नियमाचा प्रश्न होता. "वानरानं तोडलं, तू न्हाई. आन बाहिर नेयाचं तर..." ती देवीसमोर जाऊन काहीतरी पुटपुटली, परत आली. "ने."

पानं पुसून मी ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर पिशव्यांत भरली. आम्ही निघालो तेव्हा ती सरळ वाटेला न लागता धूपाच्या पलीकडे गेली. तिथे एक लहान धूप होता, माझ्याहून दीडपट उंच. मला वाटलं जुन्याखाली आपोआप उगवलेला. तिने हात वर केला आणि त्याची एक डहाळी स्वतः तोडली. ज्या बाईने मला सकाळपासून एका पानाला हात लावू दिला नव्हता तिने!

"हे बी वाच. पिशवी निराळी ठेव."

"हे तोडलेलं कसं चाललं?"

"घे म्हंते तर," ती म्हणाली आणि चालायला लागली.

पुण्यात आल्यावर खरी कसोटी लागली. धूपाच्या पानात राळ, आणि राळ म्हणजे आमच्या कामात वैताग. पान गोठवून त्याची पूड करायची, त्यातून डीएनए वेगळा करायचा, तर शेवटी नळीच्या तळाशी नुसता तपकिरी गोंद. अंगणातल्या झाडाची जून पानं मी दोनदा वाया घालवली. ती परत आणता आली असती. राईतली पानं मात्र वानरांनी दिली तेवढीच होती. ती वाया गेली असती तर पुन्हा पालवी पुढच्या वर्षी, आणि तोवर दसरा होऊन गेला असता. आमच्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, कोवळ्या पानात राळ कमी असते, थोडं थोडं घेऊन कर. मी राईतल्या पानाला हात लावायच्या आधी एकदा हात जोडले. प्रयोगशाळेत कुणी पाहिलं नाही, पाहिलं असतं तरी मला लाज वाटली नसती. डीएनए निघाला, पाण्यासारखा स्वच्छ. मग अंगणातल्या झाडाची कोवळी पानं आणून त्याचाही तसाच काढला.

नमुने वाचायला बाहेर पाठवले. तिकडून येतात ते तुकडे, लाखोंनी, आणि संगणकावर टोकाला टोक जुळवत त्यांचं कडं पुरं करायचं असतं. त्यात पावसाळा निम्मा गेला. आई दर रविवारी विचारायची, "वाचून झालं का?" मी म्हणायचे, होईल. तिने मधल्या काळातही झाडाला पाणी घालणं सोडलं नव्हतं. पाऊस पडत असताना कशाला, विचारलं तर म्हणाली, सवय.

गणपतीच्या आधी कडी पुरी झाली. इतर रायांतले धूप आमच्या राईपेक्षा कुठे कुठे वेगळे होते. थोड्याच जागी, पण नक्की वेगळे. राईतला जुना धूप आणि मोठ्या आईने दिलेली डहाळी तंतोतंत एक. मग मी अंगणातल्या झाडाचं कडं त्याशेजारी लावलं. पुन्हा लावलं. एकाही अक्षराचा फरक नव्हता. मी खुर्चीतून उठले आणि व्हरांड्यात जाऊन एकटीच रडले. आई फोन उचलेना, कारण ती नेहमीप्रमाणे मोबाईल घरात ठेवून पाण्याला गेली होती.

मंडळाची बैठक झाडाखालीच झाली. मी जमेल तितकं सोप्या भाषेत सांगितलं. अध्यक्षांनी विचारलं, "म्हंजी शंभर टक्के?" मी म्हटलं, शंभर टक्के या कामात कुणी बोलत नाही. पण शेजारच्या रायांतलं हे झाड नाही, आणि आपल्या राईतल्या धूपाशी याचं एकही अक्षर वेगळं निघत नाही. माझ्या मते हे त्याचंच लेकरू आहे. अध्यक्षांनी झाडाकडे बघून नमस्कार केला. गवंड्याने डोकं खाजवलं आणि मंडपाच्या छताला तिथे खाच ठेवता येईल असं सांगितलं. कुणी तरी नारळ आणायला पळालं. आई माझ्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा असा फुलला होता की एवढी वर्षं मी केलेलं शिक्षण त्या एका संध्याकाळी वसूल झालं, असं मला वाटलं.

मोठी आई नारळ फुटेपर्यंत थांबली नाही. आम्ही घरी आलो तर ती आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसलेली होती. आईने तिला बघितलं आणि कंबरेवर हात ठेवले. "ऐकलं न्हवं आक्का? राईचंच हाय. आता तरी म्हना."

"राईचंच हाय," मोठी आई म्हणाली. "लई बरं झालं. माजा जीव टांगनीला लागला व्हता." मग थांबून, त्याच नेहमीच्या सुरात: "पन तू आणलेलं न्हाई."

आईने हातातली परात आपटली. मी मध्ये पडणार होते, पण मोठी आई बोलायला लागली, आणि तिला एका दमात इतकं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

वसाहतीत आलो त्या पहिल्या पावसाळ्यात तिच्या थोरल्या मुलाला कावीळ झाली होती. माझा चुलतभाऊ; तो आजारी होता आणि पुढे बरा झाला हे मला आठवतं. पोरगं पिवळं पडत चाललं तेव्हा तिच्या मनाने घेतलं की राईतलं रोप हद्दीबाहेर आणलं म्हणून देवी कोपली. लोकांना सांगितलं असतं तर सगळं गाव आईवर उलटलं असतं. नवी जागा, आधीच लोक बिथरलेले. म्हणून तिने कुणाला सांगितलं नाही. एका पहाटे आईचं रोप मुळासकट काढलं, एसटीने गेली, राईत नेऊन मूळ जागी लावलं आणि देवीची माफी मागून आली. पण अंगणातला खड्डा मोकळा दिसला तर आईचं काळीज फाटेल, हे तिला कळत होतं. तिच्या ओसरीवर तेलाच्या डब्यात एक धूपाचं रोप होतं. गाव उठायच्या आधी तिने ओढ्यात, हद्दीच्या दगडाबाहेर खालच्या अंगाला एक बी उचललं होतं. पाखरांनी टाकलेलं, म्हणजे देवीच्या मालकीचं नव्हे. ते रुजून वर आलं होतं, आईच्या रोपाएवढंच. ते तिने आईच्या दगडांच्या कड्यात लावलं.

"पाखरं लांबलांबनं बिया आनत्यात," ती म्हणाली. "ते बी आपल्या धूपाचं का कुठल्या डोंगरातलं, मला काय ठावं? राईचं हाय म्हनले असते आन नसतं तर? देवीच्या नावानं खोटं व्हतं. तू आनलंस म्हनले असते तर त्ये बी खोटं. मला जेवढं म्हाईत तेवढं बोलले."

मोठी आई खोटं बोलत नाही हे आईला माझ्याहून जास्त ठाऊक होतं. मी आईकडे बघत होते. वाटलं, आता उसळेल. इतकी वर्षं ती ज्याला आपलं म्हणत होती ते झाड तिचं नव्हतं, आणि लोकांत झालेला अपमान होता तो होताच. आई हळूच खाली बसली. बसताना गुडघा दुखला म्हणून कण्हली.

"माजं जगलं का?" तिने विचारलं.

"हिच्या दीडपट हाय," मोठी आई माझ्याकडे बोट करत म्हणाली. "हिनं पान वाचलंय त्येचं."

नवरात्रात धरण तुडुंब भरतं आणि पाणी राईच्या पायथ्याला लागतं. मासे धरणाऱ्या एका ओळखीच्या माणसाची होडी होती, तिच्यातून दोघींना घेऊन गेले. ज्या पाण्याने आईला गावातून उठवलं त्याच पाण्यावर बसून ती गेली, आणि गुडघ्यांना चढायचं काम उरलं नाही. होडीत दोघी कडेला बसायची कुणी यावरून भांडल्या. राईच्या दगडापाशी चपला काढताना आईने माझ्या खांद्याचा आधार घेतला.

लहान धूप पावसाने स्वच्छ धुतलेला होता. पानं हिरवीगार. आईने त्याच्या खोडावरून हात फिरवला, खालून वर, जसा तापातल्या पोराच्या पाठीवरून फिरवतात. राळेचा एक ठिपका बोटाला लागला, तो तिने हुंगला. नंतर जावेकडे न बघताच म्हणाली, "म्हंजी इतकी वर्सं म्या तुमच्या झाडाला पानी घातलं."

"व्हय," मोठी आई म्हणाली. "आन म्या दर चैताला हितं येऊन तुझ्या झाडाच्या पाया पडले."